तळटीप सतरावी

पानाचा कोपरा दुमडता येतो,
ओळीखाली पेन्सिल फिरवता येते.
आवाजाला कुठे धरायचं?
बोट ठेवावं तोवर तो पुढच्या शब्दात गेलेला असतो.
म्हणून तास, मिनिटं, सेकंद, मध्ये टिंबांच्या जोड्या:
निशाणी नऊ, गोदामाच्या फाटकावरचा कॅमेरा,
००:१४:०७ पासून ००:१४:५२ पर्यंत.

डुलुथ, मिनेसोटा. मार्च संपत आला तरी सरोवरावर बर्फ.
सरोवर म्हणतात, पण मीठ विसरलेला समुद्रच तो.
तिसऱ्या मजल्यावर मी, हेडफोन, गार चहा,
आणि एनो हारियाला, वय एकोणसाठ,
माझ्या पडद्यावर आज बाविसाव्यांदा
शिडीकडे चालत येतोय.

हातच्या कांकणाला आरसा कशाला
असं म्हणणाऱ्याने अपील कधी लिहिलं नसणार.
इथे कांकणाला आरसा लागतो,
आरसा कुणी टांगला, कुणी पुसला,
कुणाकडून कुणाच्या ताब्यात गेला,
मूळचा की नक्कल,
आणि तडा असेल तर तोही आधीच सांगून टाकावा लागतो.

तडा आहे.
पडद्याच्या कोपऱ्यात वेळ दिसते पाच बावीस.
पाळी पाचला संपते.
विमा कंपनी लिहिते: एनो पडला तो स्वतःच्या वेळेत.
स्वतःच्या वेळेत!
जणू पडण्यासाठी त्याने रजा टाकली होती.

त्याच्या आदल्या रविवारी सगळ्या गावाने
घड्याळं तासभर मागे घेतली होती.
फाटकावरच्या कॅमेऱ्याला कुणी कळवलं नाही.

‘हे दाखवणार कशावरून?’ थॉर्सगार्डबाई विचारतात,
चष्मा केसांत, हातात माझा मसुदा.
उजेडावरून? ढग होते.
साक्षीदार? शिडी.

मग एक दिवस, चित्राकडे न बघता नुसतं ऐकत असताना,
००:१४:४१ ला,
लांब, आखूड, लांब, आखूड.
बंदरातली बोट. आणि तिला तशीच ओ देणारा पूल.
कानामागून आली अन् तिखट झाली म्हणतात ना,
तशी ती शिटी.
पुलावरच्या माणसाच्या वहीत, निळ्या शाईत:
धान्याचं जहाज, बाहेर जाताना, चार बावीस.

एनो कामावर होता.
अजून अडतीस मिनिटं कामावर असणार होता.

हे सगळं सतराव्या तळटीपेत बसवायचं,
कारण शब्दांची मर्यादा तळटिपांनाही लागू आहे
आणि आपण ती आधीच ओलांडली आहे.
शिटीला नाव नसतं, वय नसतं, शपथ देता येत नाही.
मी लिहिते: ‘पार्श्वभूमीला ध्वनिसंकेत, दोनदा.’
खोडते. पुन्हा तेच लिहिते.

त्याआधी एक गोष्ट आहे, वादाला निरुपयोगी.
००:१४:०४. शिडीपाशी थांबून तो काहीतरी पुटपुटतो.
उतारा करणाऱ्याने लिहिलंय: अस्पष्ट.
मी मार्लिसला ऐकवलं, त्याच्या बायकोला.
तिने हेडफोन काढले, नीट गुंडाळून टेबलावर ठेवले.
‘नो नीन,’ ती म्हणाली. ‘त्याच्या आईची भाषा.
म्हणजे, बरं, चला तर.
जेवून उठताना म्हणायचा. आणि उठायचा नाही.’

आमच्याकडेही कुणीतरी ‘चला’ म्हणतं
आणि पाऊण तास तिथेच बसतं,
पण ते मी तिला सांगितलं नाही.

तळटीपेत ते टाकलं होतं. थॉर्सगार्डबाईंनी काट मारली.
बरोबरच मारली. त्याने काही सिद्ध होत नाही.

रात्री पावणेबाराला, अपील दाखल करण्याआधी,
मी एकच आकडा बदलला.
सातचा तीन केला.
००:१४:०३ पासून.
चार सेकंदांनी कुणाचं काही बिघडत नाही.
न्यायमूर्तींच्या दालनात कुणी कारकून
कानाला हेडफोन लावील, तळटीप बघून बटण दाबील,
आणि बोटीच्या आधी, पडण्याच्या आधी,
त्याला एक माणूस ऐकू येईल,
कामाला लागताना.