विंचू

अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर मी विद्यापीठात आहे.
पदनाम : प्रकल्प सहायक.
काम : सुभाषनगरातनं सागरमाळावर
आणि सागरमाळावरनं पोर्तुगालात
चप्पल पोचवायची. शब्दांत.

प्रकल्पाचं नाव दोन ओळींत मावत नाही.
आई त्याला नुसतं 'तुझं ते परदेश' म्हणते.

पहिल्या महिन्यात फॉर्म आला.
कारागिराचं नाव, वय, वार्षिक उत्पन्न.
मी लिहिलं, भैरू दादू सातपुते,
आणि पेन तसंच धरून बसले.
समोर आई वेणी घालत होती,
दोऱ्याएवढ्या बारीक चामड्याची,
एक टोक दातांत धरून.
एकतीस वर्षं धरलेलं टोक.
तिला रकाना नव्हता.

तीन जोड कुरिअरनं गेले.
दोन महिन्यांनी अहवाल आला, चाळीस पानी.
हिरड्याचं कौतुक, बाभळीच्या सालीचं कौतुक,
एकही खिळा नाही याचं तर फारच.
पान एकोणीस :
'चालताना आवाज येतो.
तळाच्या दोन थरांत बाहेरचा कण सापडला.
तिन्ही जोडांत. दोष दूर करावा.'

बाबांनी रापी खाली ठेवली.
'दोष? आगं, त्यो इंचू हाय.
मुद्दाम घालतोय आपण.
पाऊल वाजलं न्हाई तर
कोण आलं कसं कळायचं गल्लीला?'

मी इमानदारीत कळवलं : आत विंचू आहे.
अकरा मिनिटांत उत्तर आलं :
जिवंत?

म्हणून मग व्हिडिओ कॉल.
आमचे दुपारचे चार, त्यांचे सकाळचे साडेदहा.
सरांना सभागृह हवं होतं, मागं बॅनर, पुढं फुलं.
आई म्हणाली, 'हातातलं टाकून म्या न्हाई यायची.'
लॅपटॉप दुकानात आला
आणि चामडं कुटायच्या दगडावर बसला.

पडद्यावर त्यांच्या प्राध्यापक बाई
आणि शेजारी एक म्हातारी, ओडेत नावाची.
चाळीस वर्षं तिनं बूट शिवले
नदीकाठच्या एका कारखान्यात.
कारखाना बंद पडला, मग विद्यापीठानं घेतला.
आता तिथं काचेचं छत, प्रदर्शनं,
देशोदेशीची पोरं डिझाइन शिकतात.
बाई सांगत होत्या. सर मान डोलवत होते.

आईनं वेणीवरची नजर न काढता विचारलं,
'आन ह्या आता कुठं बसत्यात?'

मी भाषांतर करायला जरा थांबले.
केल्यावर, तिकडच्या बाईही थांबल्या.
वाटलं, नेट गेलं.

मग ओडेत स्वतःच बोलली.
मंगळवारी. मंगळवारी ती पोरांना शिकवते,
जुनी खिडकी होती तिथंच बसून.
तासाचे पैसे मिळतात. बाकी दिवस घरी.

तेवढ्यात बाबांनी कापशी पायात घातली
आणि दुकानात होत्या तेवढ्या चार फुटांत
मायकासमोर येरझाऱ्या घातल्या.
करर्र. करर्र.
ओडेतनं डोळे मिटले.
तिचं वाक्य पोर्तुगीजमधनं इंग्रजीत, इंग्रजीतनं माझ्याकडे,
माझ्याकडनं आईकडे येईतो किती झिजलं असेल कुणास ठाऊक :
नवऱ्याचे बूट वाजायचे.
तो कोपऱ्यावर वळला की ती चुलीवर भांडं ठेवायची.

आईनं हातातली वेणी कॅमेऱ्याला धरली.
ओडेतनं पिशवीतनं आपली आरी काढून धरली.
आमच्या आरीसारखीच, मूठ तेवढी वेगळी.
सर काहीतरी बोलणार होते. नाही बोलले.

पुढच्या वर्षीच्या फॉर्मवर सरांनी स्वतः
'कारागिराचं नाव' खोडून
'कारागिरांची नावं' केलं.
एक बाबांचं. खाली, शेवंता भैरू सातपुते.
आईनं दोन्ही नावांवरनं बोट फिरवलं.
'ह्यानं जोडामागं काय वाढणार हाय?'
मला माहीत नव्हतं. माझी ऑर्डर मार्चात संपते.

रात्री दिवा बंद करता करता ती म्हणाली,
'आपल्या विद्यापीठात मंगळवार असतोय काय गं?'

प्रश्न मी तसाच अहवालात घातलाय.
कुठल्या सदरात बसवावा कळेना,
सध्या 'इतर खर्च' खाली आहे.