वीतभर

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, दव सुकल्यावर,
मी जुना लाल ट्रॅक्टर बाहेर काढते.
गुडघा बदलून आलेला ऑरिन पोर्चमध्ये बसून
हातवारे करत राहतो. मला कळतात, म्हणूनच मी तिकडे पाहत नाही.

पातं वीतभर उंच ठेव, असं त्याचं म्हणणं.
त्याची वीत की माझी, ते ठरलेलं नाही.

बारा वर्षं हा दीड एकर त्यानेच कापला.
किकापू नदीच्या वरचा, ओकच्या झाडांनी तिन्ही बाजूंनी धरलेला,
जिथे मका कधी धड आला नाही
म्हणून हरणांसाठी क्लोव्हर पेरली.
पेरली म्हणजे पंगत मांडली.
उन्हाळाभर वाढत राहायचं,
आणि नोव्हेंबरात मचाणावर बसून
जेवणाऱ्यांतला एक निवडायचा.
या पाहुणचाराला काय म्हणतात
ते लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी मला ठाऊक नाही.
हिवाळाभर ते मांस मीही खाते. मिटक्या मारत.

पण तण, ते वेगळं.
तणाशी माझं वैर निखळ आहे.
थिसल जांभळं डोकं वर काढतं तेव्हा
मला चर्चमधली लॉरेना आठवते,
सगळ्यांत उंच, आणि जवळ गेलात तर टोचणारी.
फॉक्सटेल लाडात आल्यासारखं डुलतं,
शेपटीत हजार बिया लपवून.
रानमाठ तर नजर वळेपर्यंत गुडघ्याला लागतो.
बी धरायच्या आत मुंडी उडवायची, एवढंच गणित.
क्लोव्हर बुटकी, ती पात्याखालून वाचते,
ऊन मिळालं की दुप्पट पसरते.
बुटकं असण्याचे फायदे मला कोणी शिकवायला नकोत.

फवाऱ्याचा डबा शेडमध्ये आहे, न फोडलेला.
फक्त गवत मरतं, क्लोव्हरला धक्का नाही,
असं दुकानातला डॅरोल्ड शपथेवर सांगतो.
ऑरिन त्याला औषध म्हणतो.
आजारी कोण आहे, असं विचारलं की पेपर उघडतो.

तिसऱ्या फेरीला, वरच्या कोपऱ्यात,
रॅगवीडच्या दाटीत काहीतरी होतं जे पान नव्हतं.
ब्रेक. इंजिन बंद केलं
तर कान दुखावेत इतकी शांतता.
पाडस.
पाठीवर कवडसे सांडल्यासारखे ठिपके.
हलायचं नाही, एवढाच धडा आईने दिलेला,
आणि त्या एका धड्याच्या भरवशावर
ते दोन टन लोखंडासमोर
डोळे उघडे ठेवून पडलेलं.

मी वळसा घेतला.
दोन खाटांएवढं बेट मागे राहिलं.
पोर्चवरून ऑरिन ओरडत होता, तिथं राहिलं, तिथं!
मी हात हलवला, निरोप घेताना हलवतात तसा.

मग ते राहूनच गेलं.
जुलै कोरडा गेला, कोरड्यात कापलं तर क्लोव्हर जळते.
ऑगस्टात त्याचा दुसरा गुडघा.
बेटावरचं रॅगवीड माझ्या खांद्याला लागलं,
आणि ऑरिन जेवताना खिडकीकडे पाठ करून बसू लागला.

काल संध्याकाळी ती आली, मागे ते पाडस,
ठिपके आता विरत चाललेले.
सबंध हिरवी पंगत तुडवत,
आमच्या खताच्या, घामाच्या, डिझेलच्या क्लोव्हरला
तोंडही न लावता, सरळ वर गेली
आणि रॅगवीडचे शेंडे खुडू लागली. सावकाश.
मुलालाही तेच.

दुर्बीण बराच वेळ ऑरिनच्या हातात होती.
"तिला चवच नाही," तो शेवटी म्हणाला.
मी हसले नाही. हसायला हवं होतं बहुतेक.

बंदुकीचा मोसम तेरा आठवड्यांवर आहे.
मचाणाची शिडी चढायला त्याच्याकडे गुडघे नाहीत.
माझ्याकडे आहेत.
हे दोघांनाही ठाऊक आहे, आणि दोघंही
उद्या पातं कितीवर ठेवायचं
याबद्दलच बोलत राहतो.