तिसरी फळी

पारोळ्याला अमृतकारशेठच्या दुकानात दर मंगळवारी
मोबाइल छातीपाशी धरून मी तीन पावलं मागे सरकतो.
मिठाच्या गोणीला टाच लागली की थांबतो,
तिथूनच सगळ्या फळ्या एका चौकटीत बसतात.

मग यंत्र बघतं.
बिस्किटं: चौदा. हिरवा चौकोन.
साबण: नऊ, त्यातला एक उलटा, तरी ओळखला.
शांपूच्या पुड्यांच्या माळा पंख्याने हलतात,
त्यांना ते कधी सहा म्हणतं, कधी अकरा.
सिंधूबाई बडगुजरांच्या बिबड्यांची पिशवी
त्याला एकदाही कळली नाही.
अनोळखी वस्तू.
एकदा तर म्हणालं, टोपी.
सिंधूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या,
"डोकावर घालीसन दखाडू का त्याले?"

पण तिसऱ्या फळीवर, बरोबर मध्ये,
दोन वीत रुंद लाल चौकोन.
रिकामी जागा. माल भरा.
गुण ब्याण्णव.
पुण्याहून साहेबांचा फोन:
त्या जागेचे आपण पैसे मोजतो, समजलं ना?

मी शेठना म्हटलं. ते वजन करत राहिले.
शेंगदाणे पुडीत ओतले, दोरा गुंडाळला, तोडला,
आणि म्हणाले, ये इकडे. वाक. इथून बघ.

फळीला पाठीमागे फळकूट नव्हतं.
पलीकडे खोली, खाट, भिंतीशी रचलेल्या दोन उशा,
आणि एक बाई माझ्याकडे बघत होती.
म्हणजे माझ्याकडे नाही. शेठच्या स्टुलाकडे.
तिचा डावा हात चादरीवर
दुसऱ्या कुणीतरी विसरून गेल्यासारखा.

दोन मिनिटं भरू, मी म्हटलं, फोटोपुरतं.
शेठ हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.
मी आठ पुडे लावले, नावं समोर करून,
आणि आतून आवाज आला,
"कथा गयात?"
"आठेच से," शेठ बिस्किटांना म्हणाले.
नेट गेलं. चकती फिरत राहिली.
"कथा गयात?"
"आठेच से ना."
शंभर. हिरवी खूण.
मी दोन्ही हातांनी पुडे ओढले,
तीन खाली पडले, एकाचा चुरा झाला.
त्याचे पैसे शेठनी घेतले नाहीत.

दीड वर्ष असं चाललं.
जुना फोटो चालत नाही, यंत्राला तारीख कळते.
मे महिन्यात पत्रे तापतात, मोबाइल हातात बंद पडतो,
तेव्हा दोन मिनिटांची सात होतात.
मी गोणीला टेकून उभा,
आणि ती दोघं बिस्किटांच्या अलीकडून पलीकडून
एकमेकांना ओ देत बसलेली.
साहेबांनी मला गटात शाबासकी दिली.
अंगठे आले, सत्तावीस.

परवाच्या मंगळवारी फळी भरलेली होती.
मी हात लावायच्या आधीच.
पुडे सरळ, एकाला एक चिकटून,
मला कधी जमले नाहीत इतके नीट.
"सुरतले लई गई पोर," शेठ म्हणाले.
तिकडे डॉक्टर चांगला आहे म्हणतात.
घराला लिफ्ट आहे.

स्टूल मात्र होतं तसंच, तिरपं,
गल्ल्याकडे पाठ करून.
स्टूल फोटोत येत नाही.

तीन पावलं मागे. गोणी.
शंभर, पहिल्याच फटक्यात.
आतून काही आलं नाही,
तरी शेठची मान थोडी वर झाली होती.

मी खिशातून दहाची नोट काढली,
तिसऱ्या फळीवरचा मधला पुडा मागितला.
शेठ वाकले,
खालच्या खोक्यातून दुसराच काढून दिला.
"मझारला ऱ्हाऊ दे, भाऊ.
तुन्हा फोटो बिघडी जाई."