बाकी

पुस्तकांत तिचं नाव 'टेकडी चारशे बारा'.
आम्ही तिला टकली मावशी म्हणायचो.
डोक्यावर धड झुडूप नाही,
शेळ्यासुद्धा नाइलाज म्हणून चढायच्या.

मी चौदा वर्षांचा.
माझं काम पेन्सिलींना टोक करायचं.
निळी आमची, लाल त्यांची,
खरं तर लाल म्हणून शिव्या आम्हीच खायचो,
पण डब्यात जे रंग होते ते होते.

कमांडर आर्बोस नकाशावर वाकला
की त्याच्या नखांतला चुना दिसायचा.
दोन वर्षं लढत होता, चुना गेला नव्हता.
मूळचा गवंडी.
डोंगराकडे बघायचा भिंतीकडे बघावं तसा:
भेग कुठे आहे, ओल कुठून शिरेल,
कुठला दगड उपसला की सगळं अंगावर येईल.

नदीपलीकडे जनरल बेर्रुएसो. पदकं, पांढरा घोडा.
आर्बोस दुर्बीण खाली ठेवून म्हणायचा,
"याच्या घराचा जिना मी बांधलाय.
पायऱ्या एकवीस. पैसे अठरांचे दिले."
मग फोन उचलायचा
आणि तिसऱ्या तुकडीला डावीकडून वर सरकायला सांगायचा.

कमिसार समजवायचा, कॉम्रेड, ही वर्गाची लढाई आहे.
हो ना, आर्बोस म्हणायचा, तीन पायऱ्यांची.

जुलैत टकली मावशी आम्ही घेतली.
दोन दिवसांनी घालवली.
परत घेतली, त्यात पाववाल्याचा सेलेदोनियो गेला,
त्याचं घड्याळ त्याच्या मनगटावर चालूच होतं
आणि ते काढायला कुणाचा हात होईना.
परत घालवली.
मी निळं खोडायचो, लाल काढायचो, लाल खोडायचो.
लाल संपली तेव्हा टेलिफोनवरच्या बेनितानं
आपली लिपस्टिक दिली.
उन्हानं ती वितळायची,
शत्रू कागदावरून आमच्याकडे ओघळत यायचा.

ऑगस्टअखेर खोडून खोडून
नकाशाला तिथे भोक पडलं.
खालचं टेबल दिसायला लागलं.
टकली मावशी कागदावर उरली नाही
आणि आम्ही त्या भोकात माणसं पाठवत राहिलो.

एका रात्री, तोफा थांबल्या होत्या, झोप येत नव्हती,
आर्बोसनं माझ्या हातातली पेन्सिल घेतली,
आडवी धरली, डोळा मिटून बघितली.
"एवढी," म्हणाला.
काय एवढी? मी विचारलं.
हसला नुसता. पेन्सिल परत दिली.

नदी परत ओलांडली त्या रात्री
शेवटच्या नावेत तो नव्हता.
त्याला भिंतीशी उभं केलं म्हणतात.
माझी खात्री आहे,
बांधकाम कुणाचं, एवढं तरी त्यानं विचारलं असेल.

पुढे मी कोळसा पोचवायचो.
एका हिवाळ्यात पत्ता आला बेर्रुएसोंच्या घरचा.
पाठीवर पोतं, मनात आकडे.
सोळा, सतरा, अठरा,
आणि एकोणिसाव्याला ठेचकाळलो,
कोळसा गडगडत खाली.

वरून मोलकरीण हसली.
"सगळेच पडतात तिथे. जनरलसाहेब तर रोज.
त्यांना वाटतं, गुडघ्यातली जुनी जखम.
डॉक्टर झाले, वैदू झाले, लूर्दचं पाणी झालं."

कोळसे वेचायला गुडघ्यावर बसलो.
खिशात निळ्या पेन्सिलीचा बोटभर तुकडा होता,
का ठेवला होता कोण जाणे.
अठराव्या पायरीची उंची दोरीनं घेतली,
एकोणिसाव्याला लावली.
वर जी फट राहिली
तिच्यात पेन्सिल आडवी सरकवून बघितली.

बरोब्बर बसली.

विसावी, एकविसावी मोजली नाही.
पोतं उचललं,
पाय जरा जास्त उचलला,
आणि वर जाऊन म्हणालो,
पैसे रोख लागतील, बाई. उधार नाही.