कोणती बाजू

हितेंद्रचा फोन आला तेव्हा मी आत्याच्या ओट्यावर
डांगराच्या बिया राखेत घोळत होते.
उगवतीकडची खोली घ्यायची की मावळतीकडची,
आत्ताच सांग, म्हणाला, उद्या भाव वाढतील.
पूर्वेला पाणी शांत, पण ओहोटीला नुसते खडक.
पश्चिमेला वाळू, सूर्यास्त, गर्दी
आणि नाश्ता फुकट.

फोन ठेवून मी नकाशा आत्यापुढे धरला.
निळ्याच्या मधोमध एक हिरवा ठिपका.
पार्बताआत्यानं बोट लावलं, पडद्याला राख लागली.
‘बेट व्हय का हे?
मंग मले ईचार ना.’

खरंच की.
सव्वीस वर्षं ती वैनगंगेच्या मधोमध राहून आली,
दिवाळी सरल्यापासून मृगाच्या तोंडापर्यंत.
पाणी उतरलं की नदी पाठ वर काढायची,
डुंबणाऱ्या म्हशीसारखी, लांबट, ओली.
मग डोंग्यातून बांबू, तट्टे, कंदील,
शेणखताची पोती, चार कोंबड्या,
मामाजी,
आणि दरवर्षीचा वाद:
झोपडी कोणीकडे?

मामाजींचं ठरलेलं. डोहाकडे.
झोपेतून उठावं अन् जाळ्यात मरळ असावी.
आत्या लगेच बोलायची नाही.
रेतीत कोपरभर खड्डा करायची,
मामाजींची बिडी संपेपर्यंत झिरा भरला तर ठीक.
चाखायची. थुंकायची. पुढे सरकायची.
रानडुकरांचे खूर मोजायची.
मुठीतली रेती सोडून बघायची, कुठे उडते,
चुलीचा धूर झोपलेल्याच्या तोंडावर नको.
आणि सगळं झाल्यावर, पदर खोचून,
आमच्या गावाकडे तोंड करून ओरडायची:
‘ए यमुनेऽऽ’
काठावरून ‘होऽऽ’ आलं
की तिथं पहिला खांब.

एकच वर्ष तिनं मामाजींचं ऐकलं.
पलीकडच्या अंगाला नवी सडक झाली होती,
टेम्पो थेट काठाशी यायचे, दर डांगरामागं रुपया जास्त.
चैतात एका रात्री वरून पाणी सोडलं.
आवाज नाही, काही नाही,
खाटेखाली चपला तरंगायला लागल्या तेव्हा कळलं.
आत्यानं पहाटेपर्यंत थाळी वाजवली.
आमच्या गावाला ऐकू गेली नाही.
पलीकडच्यांना गेली,
पण कोणाची थाळी, ते त्यांना कळेना.

डांगरं वाहत गेली. खालच्या गावांनी
तीन दिवस खाल्ली.
‘गोड होती म्हने,’ आत्या सांगते,
आणि इतकी हसते की ठसका लागतो.

‘वारा कोनीकडून येते तिथं?’
माहीत नाही.
‘पेवाचं पानी?’
बाटलीत.
‘अन् हाक मारली त कोनाले आयकू जाईन?’

मी नकाशा सरकवला. निळं.
आणखी सरकवला. निळं.
‘समोरच्या काठावर कोन राह्यते, पोरी?’
काठच नाही, आत्या.

बराच वेळ ती बिया घोळत राहिली,
पोचट वेगळ्या काढल्या, कोंबड्यांकडे फेकल्या.
‘पल्याड कोनीच नसन
त कोनतीबी बाजू घे बापा.
फुकटचा नास्ता सोडू नको.’
उठता उठता, गुडघ्यावर हात ठेवून:
‘तुया नवऱ्याचा आवाज
कुठलोक जाते?’

लग्नाला पाच आठवडे झाले होते.
मला सांगता येईना.

संध्याकाळी मीच फोन लावला.
पश्चिमेकडची घे, म्हटलं. आणि एकदा ओरड.
‘काय?’
ओरड. माझं नाव घेऊन.
‘अगं, बँकेत आहे मी, लोक आहेत.’
असू देत.

तो जिना चढत असल्याचं ऐकू आलं,
मग एक दार, मग गच्चीवरचा वारा.
मी फोन कानापासून दूर धरला,
हात पुरेल तितका दूर,
नदीच्या दिशेनं.