आधी कुणाला विचारायचं

तीन वेळा तुमासने कॉम्प्युटर बोटीतून आणला
क्लाक्सविकला, लोकरीच्या शालीत गुंडाळून.
तिन्ही वेळा माझ्या टेबलावर तो शहाण्यासारखा सुरू झाला.
"घरी नुसता काळा पडदा," तुमास म्हणे,
"कोपऱ्यात एक पांढरी रेघ, मिचमिच करणारी."

चौथ्यांदा मीच गेले. कालसोयचा धक्का,
डोंगरातले अंधारे बोगदे, मग त्याचं घर.
टेबलाखाली, रबरी बुटांमागे
लुकलुकत होता डबीएवढा ड्राइव्ह:
अख्ख्या गावच्या मेंढ्या त्यात,
कुणाचा कान कसा कातरलाय, बावीस वर्षांची नोंद.

"हा कधी आणला नाहीस?"
"तो कशाला? तो तर ठणठणीत आहे!"

वायर उपसली. यंत्र उठलं.
बटण दाबलं की बिचारं आधी त्यालाच विचारायचं,
सांग, सुरू कुठून होऊ?
त्याच्याजवळ मेंढ्यांशिवाय काही नव्हतं.

मी क्रम बदलला. आधी स्वतः, मग मेंढ्या.
"म्हणजे चूक याची?"
"नाही रे. याला भलतंच विचारलं गेलं."

तुमासने ड्राइव्ह बाहीने पुसला, परत जोडला.
पडदा उजळायची वाट बघत उभे राहिलो,
तर खिडकीबाहेर एक मेंढी.
त्याने कान पाहिला, मालकाचं नाव सांगितलं.
यादी अजून उघडायची होती.