चाखणारा

अट्रॅक्टा गिलन यांच्या स्वेटरवर, डावीकडे,
नखाएवढा एक बिल्ला असायचा.
सोळाव्या वर्षी शपथ घेतली तेव्हाचा:
दारूचा थेंब ओठाला लावणार नाही, मरेपर्यंत.
तरीही दर ऑक्टोबरात, बटाटे काढायच्या शनिवारी,
त्या बॅलीमोटच्या दुकानात जाऊन
काळ्या बीअरची बाटली मागायच्या,
एकच,
आणि दुकानदार ती वर्तमानपत्रात अशी गुंडाळायचा
जणू तिला ताप आहे.

स्ट्यूला बीअर हवीच. त्यांच्या आईच्या स्ट्यूत असायची.
पण मीठ बघणार कोण?
म्हणून मी.
नऊ वर्षांचा, शेजारच्या मॅक्डोनांचा तिसरा,
अजून कसलीच शपथ न घेतलेला.
"फादरना विचारलंय," त्या म्हणायच्या,
"उकळलं की उडून जातं."
मग तुम्हीच का नाही चाखत, हे मी विचारलं नाही.
नोकरी गेली असती.

मांस नळीजवळचं, चिवट,
ज्याच्यावर उभं राहून गाईनं सगळे पाऊस काढले ते.
पिठात घोळवलेला तुकडा भांड्यात पडला की चर्र.
"गर्दी नको," त्या म्हणायच्या,
तुकड्यांना की मला, कळायचं नाही.
तळाला करपता करपता राहिलेलं ते तपकिरी
लाकडी उलथन्यानं खरवडायचं,
त्यावर कांदे, गाजरं, मूठभर जव, एक तमालपत्र,
आणि चुलीत दलदलीतून कापून आणलेल्या मातीच्या विटा,
धुमसत, घाई नसलेल्या.
मग बाटली.
ती त्या तोंड फिरवून ओतायच्या.
फेस चढायचा. घरभर भाजक्या पावाचा वास.
"मालाखी घरी असला की असाच वास यायचा,"
असं एकदाच म्हणाल्या, आणि झाकण ठेवलं.

तीन तास. मग चमचा माझ्यापुढे.
मी डोळे मिटायचो, मोठ्या माणसासारखा,
आणि म्हणायचो, अजून थोडं मीठ.
काहीतरी म्हणायला हवंच ना.
शेतातून आलेली माणसं ताटल्या पुसून खायची,
आणि पाण्याचा जग तीनदा भरून मागायची.
श्रमाची तहान, त्या म्हणायच्या.
स्वतः मात्र कोपऱ्यात, पाव आणि लोणी.

चौथ्या वर्षी लीड्सहून पत्र आलं.
"आठ महिने झाले. शनिवारी येतो."
अक्षर पहिल्यांदाच ओळीवर उभं होतं.

त्या दिवशी बाटली खिडकीत उभी राहिली.
एकदा चावलेल्या कुत्र्याकडे बघावं
तशा त्या तिच्याकडे बघत होत्या.
"फादर म्हणतात उडून जातं," मी आठवण दिली.
"फादर लीड्सला राहिले नाहीत."

मग त्यांनी चहा उकळायला ठेवला,
सहा चमचे पत्ती, काळाकुट्ट होईपर्यंत,
त्यात चमचाभर काकवी,
आणि या वेळी नीट समोर बघून
तो मांसावर ओतला. फेस आला नाही.
मी चाखलं. "काहीतरी कमी आहे."
"हो," त्या म्हणाल्या. "कमीच हवंय."

मालाखी आला. कोट त्याच्यापेक्षा मोठा.
चमचा ताटलीच्या काठाला किणकिणत होता,
ते कुणीच ऐकलं नाही, सगळे जरा मोठ्यानं बोलले.
दुसऱ्यांदा वाढून घेतलं. काठ पावानं पुसला.
"आईचा," एवढंच म्हणाला.
त्याला कळलं होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.
खिडकीकडे त्यानं एकदा बघितलं, मग बटाटा कुस्करला.

बीअर नंतर बशीत ओतून कोबीच्या वाफ्यात ठेवली.
सकाळी अकरा गोगलगायी, तृप्त, मेलेल्या.

पण ते सकाळचं.
त्या रात्री, सगळ्यांचं होत आल्यावर,
अट्रॅक्टा गिलन यांना काहीतरी सुचलं.
त्यांनी हळूच स्वतःसाठी एक वाडगा काढला,
बिल्ल्यावर हात ठेवला, चमचा तोंडात घातला.
भाऊ थांबला. मीही.
आपल्या हातचा स्ट्यू
त्या पहिल्यांदा खात होत्या.

बराच वेळ गेला.
मग त्यांनी पाण्याच्या जगाकडे बघितलं,
आणि मग, सावकाश, माझ्याकडे.

"फिनियन," त्या म्हणाल्या,
"किती वर्षं?"